लाल ठिपक्याचं मशीन

रिकाम्या खड्ड्याला पाणी घालणारी बाई अशी बंगळूरच्या जयनगरमधल्या त्या गल्लीत वर्षभर माझी ओळख होती, आणि ती मला आमच्या स्टुडिओचं मशीन जोडणाऱ्या अण्णांनी मिळवून दिली होती. दर शनिवारी सकाळी स्टुडिओच्या मागच्या बोळात जायचं आणि एक बादली पाणी सिमेंटच्या एका चौकोनात ओतायचं. चौकोनात झाड नाही, रोप नाही, गवताची काडी नाही. समोरच्या घरातल्या आजी गॅलरीत उभ्या राहून हा प्रकार बघायच्या. एकदा त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. माझं कन्नड तेव्हा 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, एवढ्यावर संपत होतं, म्हणून मी "सरी" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि त्या आत गेल्या.

खड्ड्यात तांब्याची पट्टी पुरलेली होती आणि तिच्याभोवती मीठ आणि कोळसा भरलेला होता. ते आमच्या एडिटिंगच्या कॉम्प्युटरचं अर्थिंग. आख्ख्या इमारतीला एक अर्थिंग होतंच, पण अण्णांना ते चालत नव्हतं, कारण तळमजल्यावर पिठाची गिरणी होती. गिरणीची घाण तारेतून वर येते असं त्यांचं म्हणणं. खड्डा पुरा होईपर्यंत त्यांनी मशीनचा डबा स्टुडिओत आणला नाही. मालकांनी वैतागून विचारलं, कॉम्प्युटर घेतोय की विहीर खणतोय? अण्णा शांतपणे म्हणाले, "पाणी लागणार नाही. लागलं तर तुमचं नशीब."

मला ह्या माणसाचा राग यायचा. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसले तरी येतो. फक्त तेव्हा तो सगळा त्यांच्या एकट्याच्या वाट्याला होता.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची. नवऱ्याला बंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि आम्ही पुण्याहून इथे आलो. मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंग शिकले होते. तेव्हाचं एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवायचे, एकातली कॅसेट चालवायची आणि हवा तेवढा तुकडा दुसऱ्यातल्या कॅसेटवर उतरवायचा. मध्ये एक तुकडा चुकला की पुढचं सगळं पुन्हा. आता कॉम्प्युटरवर तुकडा उचलून कुठेही ठेवता येतो असं ऐकून होते आणि ते ऐकून मला झोप येत नव्हती. जयनगरच्या फोर्थ ब्लॉकच्या बाजारामागे एका स्टुडिओच्या मालकांना असं मशीन घ्यायचं होतं आणि ते चालवायला माणूस हवा होता. त्या भागात दुसऱ्या कोणाकडे असलं मशीन नव्हतं. ही नोकरी गेली की आपण परत नवऱ्याच्या सरकारी क्वार्टर्समध्ये बसून दुपारभर भाजी निवडायची, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तयार मशीन परदेशातून यायचं आणि आमच्यासारख्यांना ते परवडायचं नाही. म्हणून एस. पी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून सुटे भाग आणायचे आणि कोणाकडून तरी जोडून घ्यायचे. जोडणारे पुष्कळ होते, दोन दिवसांत डबा हातात द्यायचे. अण्णांनी पाच आठवडे घेतले. साठीच्या आसपासचा किडकिडीत माणूस, पांढरा अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, खिशात टेस्टर, चिमटा आणि नेलपॉलिशची एक लाल बाटली. घराणं मूळचं बेळगावकडचं, तीन पिढ्या इथेच. मराठी बोलायचे, पण त्यात कन्नड इतकं मुरलेलं की पहिला आठवडा मला ते रागावले आहेत की चहा विचारत आहेत हे कळायचं नाही. मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही. मी कायमची 'पुणेकर'.

नुसत्या चार हार्ड डिस्क निवडायला ते मला घेऊन एस. पी. रोडवर तीन वेळा गेले. दुकानदाराच्या काउंटरवर डिस्क चालू करायची, स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून वीस-वीस मिनिटं ऐकत बसायचं. गिऱ्हाइकं मागे ताटकळत. साध्या डिस्क मध्येच क्षणभर थांबून स्वतःला सावरतात, आणि नेमकं तेव्हा कॅसेटवरचं चित्र आत येत असेल तर एखादी फ्रेम गळते. अण्णा ती थांबण्याची जागा ऐकत असत. "गाणाऱ्यानं श्वास घ्यावा की," ते म्हणायचे, "डिस्कनं घ्यायचा नाही." एका दुकानात अकरा डिस्क ऐकून त्यांनी एकही घेतली नाही. दुकानदार मला हिंदीत म्हणाला, मॅडम, पुढच्या वेळी ह्यांना घरी ठेवून या. मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

मशीन उघडं असताना त्याच्याजवळ जायचं तर त्यांनी मला नायलॉनची साडी बंद केली. सिंथेटिक ओढणीही बंद. म्हणे तिच्यातली वीज बोटातून उतरते आणि चिप मारते, आणि चिप लगेच मरत नाही, तीन महिन्यांनी मरते. मी काय नेसायचं हे सांगायचा ह्या माणसाला काय अधिकार, म्हणून मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम नायलॉनची नेसून गेले. अण्णांनी माझ्या मनगटाला एक तार बांधली, तिचं दुसरं टोक अर्थिंगला लावलं आणि काम सुरू केलं. चहाला बाहेर जायचं म्हणून मी उठले तर तारेने ओढून परत खाली बसवलं. तेवढ्यात मालक आले आणि त्यांनी मला तशा अवस्थेत पाहिलं. मी आठवडाभर अण्णांशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता टाळ्यांच्या कॅसेटचं सांगते. कॉम्प्युटरमध्ये चित्र एका कार्डातून येतं आणि आवाज दुसऱ्यातून. दोघांची घड्याळं किंचित वेगळी चालली तर तासाभराने माणूस ओठ मिटून बसतो आणि आवाज मागून येत राहतो. हे तपासायला अण्णांनी स्वतःची एक कॅसेट भरली होती. त्यात ते बनियनवर, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून बसलेले आहेत, नजर मनगटावरच्या घड्याळावर आहे आणि दर मिनिटाला एक टाळी वाजवतात. बाकी काही नाही. दीड तास. मशीन जोडून झालं की ही कॅसेट आत घ्यायची, मग शेवटची टाळी काढून हात भेटतात तिथेच आवाज येतो का ते पाहायचं. एक फ्रेमही इकडेतिकडे चालणार नाही. आमच्या मशीनवर टाळी दोन फ्रेम मागे पडली. त्यांनी आवाजाचं कार्ड बदललं, दीड तास पुन्हा. मग कार्डाची जागा बदलली, दीड तास पुन्हा. अशा सात फेऱ्या झाल्या. त्या बनियनमधल्या माणसाकडे मी आयुष्यात स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं नसेल इतकं पाहिलं आहे. सातव्या फेरीत टाळी जुळली तेव्हा अण्णा म्हणाले, "सरी." मला वाटलं, चला, सुटले. ते म्हणाले, "आता गिरणी चालू असताना बघू या."

सगळं मनासारखं झाल्यावर ते खिशातली लाल बाटली काढायचे आणि डब्याच्या प्रत्येक स्क्रूवर एक ठिपका द्यायचे, अर्धा स्क्रूवर, अर्धा पत्र्यावर. स्क्रू कोणी फिरवला की ठिपका फुटतो. ही कारखान्यातली सवय. ते एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे अक्का म्हणायचे, मला म्हणाल्या होत्या, "लग्नाला तेहेतीस वर्षं झाली. माझ्या नखांना एकदा लागलं नाही हे, आणि ह्या डब्यांना बघ."

कारखान्याचं अक्कांनीच सांगितलं. वरून सांगूनही अण्णांनी एका मालावर सही केली नाही, म्हणून त्यांना स्टोअर्समध्ये टाकलं. तिथे त्यांनी ऑफिससाठी आलेल्या पेन्सिली तपासल्या आणि एक आख्खं खोकं परत पाठवलं, कारण शिसं मधोमध नव्हतं. मग त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला सांगितलं. ती त्यांनी घेतली, पण अर्जातली दोन वाक्यं चुकीची आहेत म्हणून आधी अर्ज दुरुस्त करून घेतला. ऐकताना मी हसले. अक्का हसल्या नाहीत.

प्रत्येक मशीनची एक फाईल. कोणता भाग कुठून आणला, त्याचा नंबर, त्या जागेचं व्होल्टेज, टाळ्यांच्या किती फेऱ्या. आणि फाईलच्या पहिल्या पानावर, गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे नियम. ह्या मशीनवर पत्र टाइप करायचं नाही. खेळ नाही. प्रिंटर नाही. नवीन कुठलंही कार्ड आत घालायचं नाही, घालायचं असेल तर अण्णांना बोलवायचं. आणि शेवटचा नियम: तयार कार्यक्रम नव्या कॅसेटवर उतरवून गिऱ्हाइकाच्या हातात पडत नाही तोवर मूळ कॅसेटला हात लावायचा नाही. शूटिंगची कॅसेट स्टुडिओत आली की अण्णा सांगायचे, आधी तिच्या कडेची प्लॅस्टिकची खाच मोडा. खाच मोडली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. "एका मशीनला एकच काम," ते म्हणायचे. "आणि मशीनवर विश्वास ठेवू नका. माझ्या मशीनवरही." स्वतःचा माल विकताना असं बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इतकं सगळं सोसून मशीन मिळालं, तर ते कसं होतं? उत्तम होतं. हे कबूल करताना माझा जीव जातो, पण होतं. दहा महिने त्याने एक फ्रेम गाळली नाही. बाकीच्या स्टुडिओतली मशीनं दिवसातून चार वेळा अडकायची आणि तिथले लोक माझ्याकडे विचारायला यायचे. मी ऐटीत सांगायची, तुमच्या डिस्कच्या साखळीच्या शेवटी टर्मिनेटर लावला आहे का बघा, दोन कार्डं एकाच इंटरप्टवर बसली आहेत का बघा. हे सगळं मला अण्णांनी शिकवलं होतं, आणि मी ते माझंच म्हणून खपवत होते. अण्णांना जयनगर, बसवनगुडीकडून बोलावणी येऊ लागली. लाल ठिपक्याचं मशीन, असंच म्हणायचे लोक. अक्का म्हणाल्या, कारखाना सोडल्यापासून हे आत्ता कुठे जेवताना बोलायला लागलेत.

मग क्रिकेटचा मोसम आला. मालकांना एडिटिंगच्या खोलीत बसून मॅच बघायची होती, कारण एसी तिथेच होता. तेव्हा एक कार्ड निघालं होतं, ते मशीनमध्ये घातलं की मॉनिटरच्या कोपऱ्यात टीव्ही दिसायचा. ते घेऊन मालक आले. मी म्हटलं, अण्णांना विचारू या का? मालक माझ्याशी हिंदी बोलायचे. म्हणाले, "मॅडम, डिब्बा किसका है? अण्णा का है या मेरा है?" डबा त्यांचाच होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावला आणि सहाच्या सहा ठिपके तडकले. उजेडासाठी मी बॅटरी धरली होती. काढलेले स्क्रू माझ्या तळहातावर होते. आणि खरं सांगायचं तर मॅच मीही पाहिली.

त्याच आठवड्यात आमच्याकडे एका मुलीच्या रंगप्रवेशाचं काम चालू होतं. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचा पहिला पूर्ण कार्यक्रम, त्याला इथे रंगप्रवेश म्हणतात. दहा-बारा वर्षं शिकल्यावर एकदा होतो, आणि घरचे त्याची तयारी लग्नासारखी करतात. दोन कॅमेऱ्यांच्या दोन कॅसेट मी मशीनमध्ये घेतल्या होत्या आणि निम्मं काम झालं होतं. शनिवारी मालक म्हणाले, उद्याच्या लग्नाला कॅसेट कमी पडतायत, ह्या दोन दे. आता तर सगळं आतमध्ये आहे ना? खाचा मोडलेल्या होत्या. पण मोडलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते, हे धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. चिकटपट्टी मी लावली. जुन्या नावाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि लग्नाची लावली.

मंगळवारी मशीन अडकलं. टीव्हीचं कार्ड आणि चित्र आत घेणारं कार्ड एकमेकांच्या वाटेत आली होती. नेमकं डिस्कवर लिहिणं चालू असताना सगळं गोठलं. बंद करून चालू केलं तर चित्र साठवायच्या चारही डिस्क रिकाम्या. चित्र चौघींवर वाटून ठेवलेलं असतं, एक रुसली की चारही गप्प होतात. मी दोन तास त्या खोलीत नुसती बसून होते. मालकांनी पहिली गोष्ट कोणती केली? गिऱ्हाइकाला फोन? अण्णांना फोन? नाही. त्यांनी टीव्हीचं कार्ड बाहेर काढलं, टेबलाच्या खणात टाकलं, खणाला कुलूप लावलं, आणि मग अण्णांना बोलावलं.

त्या मुलीची आईही त्याच वेळी आली होती. बँकेत नोकरी करणारी, नीटनेटकी बाई. तिला काय झालं ते कळायलाच वेळ लागला. तिच्या दृष्टीने कॅसेट म्हणजे कॅसेट, ती कुठे जाईल? मालकांनी हात वर केले आणि सगळं खापर मशीनवर फोडलं. मशीन खराब निघालं, आम्ही तरी काय करणार, बनवणारे हे उभे आहेत. आणि कॅसेट? तर म्हणे कॉम्प्युटरमध्ये घेतल्यावर कॅसेट ठेवायची पद्धत नाही. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात कमी वेळा ऐकलं आहे, आणि मी तिथे हाताची घडी घालून उभी होते.

अण्णांनी डबा फिरवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रू पाहिले. मग कन्नडमध्ये विचारलं, हा कोणी उघडला? मालक म्हणाले, कोणी नाही, तुमचा रंग उन्हाळ्याने उडाला असेल. अण्णा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "पुणेकर, तू सांग. कोणी उघडलं?"

त्या खोलीत मराठी आम्हा दोघांनाच येत होतं. त्यांनी मला केवढी सोय करून दिली होती हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी खरं सांगितलं असतं तर मालकांना कळलंही नसतं, पुढचं अण्णांनी पाहून घेतलं असतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही, अण्णा."

त्यांनी कपाळावरचा चष्मा परत डोळ्यांवर ओढला. मग त्या बाई त्यांना म्हणाल्या, तुमच्या मुलीचा कार्यक्रम असता तर? अण्णांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "मशीन माझं आहे. मी घेऊन जातो." स्वतः डबा उचलून ते खाली उतरले आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. खिडकीतून मी पाहिलं, आणि मला त्यांचाच संताप आला. भांडायचं ना! पेन्सिलीचं खोकं परत पाठवणारा माणूस, मालकांसमोर एक आवाज चढवता येत नाही?

मालकांनी दुसऱ्या कोणाकडून तरी दोन दिवसांत नवं मशीन जोडून घेतलं आणि पुढच्या महिनाभरात ही गोष्ट सगळीकडे पसरवली. प्रत्येक वेळी सांगताना मशीन जास्त खराब होत गेलं. मी ते रोज ऐकत होते. शेवटी एका संध्याकाळी न राहवून अण्णांच्या घरी गेले. दार अक्कांनी उघडलं. बाहेरच्या खोलीत न उघडलेली खोकी पडली होती. "तीन जणांनी नको म्हणून सांगितलंय," अक्का म्हणाल्या. "भाग आणलेले तसेच पडलेत. जेवताना परत गप्प असतात. तू तरी विचार की त्यांना, झालं काय ते."

मी काय विचारणार होते? अण्णा आतल्या खोलीत टेबलाशी बसले होते. मला पाहून म्हणाले, "बस की. हे वाच." आमच्या मशीनची फाईल होती. सगळ्यात वर एक नवा कागद, स्वच्छ अक्षरात भरलेला. सहा ठिपके फुटलेले. रिकाम्या स्लॉटमध्ये कार्ड घालून काढल्याचा ओरखडा. मशीनच्या आत टीव्हीच्या कार्डाचा प्रोग्राम राहून गेलेला, तारीख आणि वेळ यांसकट. त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. खाली दोन जागा रिकाम्या होत्या. एक 'कोणी उघडलं', दुसरी 'साक्षीदार'.

"तुम्हाला माहीत आहे की," मी म्हटलं. "लिहून टाका."

"मशीननं सांगायचं ते सांगितलं. माणसानं सांगायचं ते मी कसं लिहू?"

"अण्णा, माझं चुकलं. मी त्या दिवशी..."

"ते नको," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं. "सही पाहिजे."

मी म्हटलं नाही का, राग यायचा? माणूस डोळ्यांत पाणी आणून माफी मागतोय आणि हे पेन पुढे करतात! पण मी लिहिलं. मालकांनी उघडलं, मी बॅटरी धरली. खाचेवर चिकटपट्टी मी लावली. नाव लिहिलं, सही केली. लिहिताना मला स्पष्ट दिसत होतं: उद्या हा कागद मालकांच्या टेबलावर, परवा त्या मुलीच्या आईच्या हातात, आणि तेरवापासून मी क्वार्टर्समध्ये. तरी बरंही वाटत होतं. अण्णांनी कागदावर फुंकर घातली, पंचने दोन भोकं पाडली, कागद फाईलमध्ये ओवला, नाडी बांधली आणि फाईल फळीवर बाकीच्या फायलींच्या रांगेत ठेवून दिली.

"कोणाला दाखवणार आधी?" मी विचारलं.

"कोणाला कशाला? फाईल पूर्ण झाली."

मी उठून उभी राहिले. "पूर्ण झाली म्हणजे? लोक तुमच्या नावाने बोंबलतायत! तीन ऑर्डरी गेल्या. त्या बाईंना अजून वाटतंय की तुमच्यामुळे झालं. हातात कागद आहे आणि तो तुम्ही फळीवर ठेवता?"

"खरं काय ते मला पाहिजे होतं, मिळालं," अण्णा म्हणाले. "लोकांना पाहिजे असलं तर येतील की विचारायला." आणि अक्कांना हाक मारून म्हणाले, पुणेकरला स्वल्प चहा कर. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दूध संपलंय," आणि आत गेल्या.

मी तणतणत जिना उतरले. असा कसा हा माणूस, नाव धुऊन काढायचा कागद मिळूनही वापरत नाही, ह्याला तत्त्व म्हणायचं की हट्ट, असं स्वतःशी बडबडत बसस्टॉपपर्यंत गेले. बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं की मला फार हलकं वाटत होतं. नोकरी राहिली होती. मी सही केली होती आणि नोकरीही राहिली होती. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन शिरा केला. नवऱ्याने विचारलं, आज काय विशेष? मी म्हटलं, काही नाही.

आठवडाही झाला नसेल. बसवनगुडीतला एक स्टुडिओवाला आमच्याकडे आला. मालकांचं नेहमीचं पुराण त्याने ऐकून घेतलं, पण त्याचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्याने अण्णांची दुसरीकडची दोन मशीनं पाहिली होती आणि ती त्याला आवडली होती. तो माझ्या खुर्चीजवळ आला आणि म्हणाला, "मॅडम, आप तो उसी मशीन पे दस महिना काम किये ना? आप बोलो. मशीन खराब था क्या?"

मालक दारात उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत होते.

मी हसले. म्हटलं, "सर, टेक्निकल मुझे कुछ नहीं समझता. मैं तो सिर्फ बटन दबाती हूँ."

तो बिचारा थँक्यू म्हणाला आणि गेला. मी हेडफोन कानाला लावले. समोर नव्या मशीनच्या टाइमलाइनवर अजून एकही तुकडा घेतलेला नव्हता, ऐकायला काहीच नव्हतं.